मानेच्या दुखापतीचा केसपेपर आणि त्याचे संकेतांकन : केडगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : वैद्यकीय संकेतांकन, आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, मानेची दुखापत, बाह्यरुग्ण नोंद, केडगाव

प्रास्ताविक

केडगाव हे अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीतील, पुणे रस्त्यावरचे उपनगर होय. देवीच्या मंदिरामुळे नवरात्रात येथे भाविकांची रीघ लागते. बाह्यवळण रस्त्यामुळे अवजड वाहनांची ये-जा वर्षभर चालू असते आणि जवळच नेप्तीच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात. अशा वस्तीतील कोणत्याही दवाखान्यात 'मान दुखते' अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण नेहमीचेच म्हणावे लागतील. उदाहरणादाखल तीन रुग्ण कल्पिता येतील. पहिला दुचाकीस्वार, रस्त्यावर मागून मोटारीची धडक बसल्याने त्याच्या मानेला हिसका बसला आहे. दुसरा हमाल, पन्नासेक किलोची गोणी डोक्यावरून उतरविताना त्याची मान लचकली आहे. तिसरी एक शिक्षिका. सकाळी उठल्यापासून तिची मान धरली आहे आणि कोणताही मार लागलेला नाही. तिघांच्याही केसपेपरवर 'मानदुखी, गोळ्या पाच दिवस, शेक' एवढाच मजकूर लिहिला गेला, तर उपचारापुरते ते कदाचित पुरेसे ठरेल. मात्र नुकसानभरपाई, विम्याचा दावा, अपघातांची मोजणी यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्या कागदातून मिळणार नाही.

रुग्णाचे निदान, दुखापतीचे कारण आणि केलेला उपचार यांचे शब्दांतील वर्णन ठरावीक अक्षर-अंकांच्या संकेतांत उतरविणे म्हणजे वैद्यकीय संकेतांकन होय. व्यवहारात यास 'मेडिकल कोडिंग' असेच म्हणतात, व तो शब्द महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना नोकरीच्या जाहिरातींमुळे परिचित झाला आहे. त्यामागील तर्क मात्र फारसा परिचित नाही. प्रस्तुत लेखात मानेच्या साध्या दुखापतीचे एकच उदाहरण घेऊन तो तर्क स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. मूळ सूचींतील अक्षरे रोमन आहेत. येथे त्यांचे उच्चार नागरीत दिले आहेत.

वर्गीकरणाची घडण

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आरंभ मृत्यूंच्या मोजणीतून झाला. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्युकारणांची सूची १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या बैठकीत स्वीकारली गेली. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूबरोबर आजारपणाचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी भारतातील विमा-अर्जांत आणि अमेरिकेतील दाव्यांत आजही दहावीच वापरात आहे. त्यामुळे पुढील विवेचन दहाव्या आवृत्तीस धरून आहे.

दुखापतींचे प्रकरण 'एस' या अक्षराने सुरू होते. त्यातील पहिला अंक शरीराचा भाग दाखवितो : ० म्हणजे डोके, १ म्हणजे मान, २ म्हणजे छाती. दुसरा अंक बहुतांशी दुखापतीचा प्रकार दाखवितो : ० वरवरची इजा, १ उघडी जखम, २ अस्थिभंग, ३ सांधा निखळणे किंवा लचकणे, ४ मज्जातंतूंची इजा, ५ रक्तवाहिन्यांची, ६ स्नायू व स्नायुबंधांची. म्हणून एस १० म्हणजे मानेवरील वरवरची इजा, एस १२ म्हणजे मानेचा अस्थिभंग, एस १३ म्हणजे मानेचे सांधे व अस्थिबंध, एस १४ म्हणजे मानेतील मज्जारज्जू व मज्जातंतू, एस १६ म्हणजे मानेचे स्नायू. ही जाळी एकदा ध्यानात आली की पाठांतराचा बराच भार हलका होतो. घोट्याच्या लचकण्याचा संकेतांक एस ९३ या गटात का असावा, हे मग विद्यार्थ्यास न सांगता कळते. कोडिंगच्या शिकवणी वर्गांत संकेतांक पाठ करून घेण्यावर जो भर दिला जातो, तो या दृष्टीने उलटा आहे असेच म्हणावे लागेल.

वाहनाच्या धडकेत मान मागे-पुढे झटकली जाऊन होणारी इजा एस १३.४ या उपगटात येते. दुचाकीस्वाराची इजा तीच. शिक्षिकेची धरलेली मान मात्र या प्रकरणातच येत नाही. ती 'एम' अक्षराच्या, म्हणजे अस्थी-स्नायूंच्या आजारांच्या प्रकरणात जाते : मान वाकडी होऊन आखडली असल्यास एम ४३.६, आणि नुसती मानदुखी असल्यास एम ५४.२. एम ४३.६ खाली वर्गीकरणाने स्पष्ट वर्ज्यसूचना दिली आहे की ताज्या दुखापतीमुळे झालेली स्थिती येथे नोंदवू नये. म्हणजे एकाच वेदनेला दोन प्रकरणे आहेत, आणि त्यांतील निवड 'मार लागला होता काय' या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. हा प्रश्न विचारण्यास क्षणभर पुरतो, आणि न विचारल्यास पुढे कोणताही संकेतांककार तो भरून काढू शकत नाही.

रुग्णाची भाषा व सूचीची भाषा

येथे मराठीच्या बाजूने एक अडचण उभी राहते, व ती जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. नगरी रुग्ण दवाखान्यात जी भाषा बोलतो ती निरीक्षणाच्या दृष्टीने समृद्ध आहे, पण तिचे कप्पे वर्गीकरणाच्या कप्प्यांशी जुळत नाहीत. 'मुका मार' हा शब्द घ्यावा. कातडी फाटली नाही, रक्त आले नाही, पण आत ठणकते, अशा इजेला हा शब्द आहे. सूचीनुसार ती वरवरची इजा ठरू शकते किंवा स्नायूची, प्रसंगी आत लपलेला अस्थिभंगही. मुका मार ही रुग्णाची तक्रार होय. तिला निदान समजून एस १० लिहून मोकळे होणे धोक्याचे आहे.

'लचक भरली' या प्रयोगात अस्थिबंध ताणला जाणे व स्नायू ताणला जाणे असे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. इंग्रजीत त्यांना दोन वेगळे, पण उच्चाराला जवळचे शब्द आहेत, आणि ते तेथील विद्यार्थ्यांनाही गोंधळात टाकतात. अमेरिकी सूचीत ही दोन्ही खाती स्वतंत्र आहेत : अस्थिबंधाची लचक एस १३.४ मध्ये आणि स्नायूचा ताण एस १६.१ मध्ये. डॉक्टरांनी कोणती रचना दुखावली हे लिहिले नसेल, तर संकेतांककाराने स्वतःच्या अंदाजाने निवड करणे अपेक्षित नाही; त्याने डॉक्टरांकडे विचारणा करावयाची असते.

'उसण भरली' हा प्रयोग बहुधा मार न लागता आलेल्या कळेसाठी वापरला जातो. तथापि ओझे उचलताना भरलेली उसण ही श्रमजन्य इजाच आहे. 'मणका सरकला', 'गादी सरकली' हे शब्द तर रुग्णाने आधीच्या कुठल्या तरी दवाखान्यातून किंवा शेजाऱ्याकडून उचललेले असतात. मानेतील चकती आघाताने फाटली असेल तर एस १३.०, झिजेने बिघडून मज्जातंतूच्या मुळावर दाब आला असेल तर एम ५०.१. रुग्णाच्या तोंडी दोहोंना गादीच. 'हाताला मुंग्या येतात' हे वाक्य मात्र केसपेपरवर रुग्णाच्या शब्दांत जसेच्या तसे उतरविण्याजोगे आहे. ते नुसत्या लचकेच्या पलीकडे बोट दाखविते. मज्जातंतूची इजा तपासावी लागेल, अशी ती सूचना आहे.

डॉक्टरांच्या लघुलिपीचाही एक प्रश्न आहे. अस्थिभंगासाठी जाळीसारखी खूण आणि तिच्या आधी प्रश्नचिन्ह, ही पद्धत येथील केसपेपरवर सर्रास आढळते. अमेरिकी नियमावलीनुसार बाह्यरुग्णाच्या नोंदीत 'संशय', 'बहुधा', 'वगळण्यासाठी' अशा शब्दांनी लिहिलेले निदान संकेतांकित करता येत नाही. त्या भेटीत जे निश्चित झाले तेवढेच, म्हणजे वेळप्रसंगी नुसते लक्षणच, नोंदवावे लागते. प्रश्नचिन्ह असलेल्या कागदावर एस १२ लिहिणारा परीक्षार्थी म्हणूनच अनुत्तीर्ण होतो.

कारणाचे खाते

वर्गीकरणाचे सर्वांत दुर्लक्षित प्रकरण म्हणजे बाह्य कारणांचे प्रकरण. 'एस' सांगते की काय झाले. 'व्ही'पासून 'वाय'पर्यंतची अक्षरे सांगतात की ते कसे झाले. मोटारीची धडक बसलेला दुचाकीस्वार व्ही २३ या गटात येतो. चौथा अंक ४ असल्यास रहदारीच्या रस्त्यावर जखमी झालेला चालक, ५ असल्यास मागे बसलेला. धडक मालमोटारीची किंवा बसची असेल तर व्ही २४, समोर जनावर किंवा पादचारी आला असेल तर व्ही २०, आणि कोणाशीही धडक न होता गाडी घसरली असेल तर व्ही २८. बाह्यवळण रस्त्यावरील कोणत्या अपघातावर कोणता उपाय करावा, याचे उत्तर या भेदांतच दडलेले असते. 'गाडीवरून पडला' या दोन शब्दांत ते सर्व भेद पुसले जातात.

हमालाचा संकेतांक अधिक बोलका आहे. अतिश्रम व जड वस्तू उचलणे यांसाठी एक्स ५० हा गट आहे. त्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत स्थळाचा अंक जोडता येतो : ० घर, ४ रस्ता, ५ व्यापार व सेवेचे ठिकाण, ७ शेत. शिवाय दुखापत होताना व्यक्ती काय करीत होती, याचाही अंक आहे. त्यात २ म्हणजे उत्पन्नासाठीचे काम. म्हणजे बाजार समितीत गोणी उतरविताना मान लचकलेल्या हमालासाठी एस १३.४, एक्स ५०.५ आणि क्रियेचा अंक २, एवढ्यात संपूर्ण घटना सामावते. त्याच माणसाच्या कागदावर एम ५४.२ पडला, तर तो कामगार राहत नाही. वयोमानाने मान दुखणारा एक इसम ठरतो. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. कर्मचारी भरपाईचा केंद्रीय कायदा १९२३ मध्ये झाला होता. अशा तरतुदींच्या आधारे दाद मागणाऱ्याला दुखापत आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो, आणि त्याचा सर्वांत जवळचा पुरावा पहिल्या दिवशीचा केसपेपर हाच असतो.

गावाच्या नावाचाही येथे उल्लेख करावा लागेल. केडगाव एकच नाही. पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे प्रसिद्ध असलेले दुसरे केडगाव आहे. त्यातच २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पुण्यातील एखाद्या रुग्णालयाच्या नोंदवहीत नुसते 'केडगाव' लिहिलेले असेल, तर तो रुग्ण कोणत्या रस्त्यावर जखमी झाला हे सांगणे अशक्य होते. संकेतांकांची गरज नामसादृश्यातून कशी निर्माण होते, हे वर्गात समजाविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

अमेरिकी दाव्याची रीत

पुणे, मुंबई, नवी मुंबई येथील कंपन्यांत मराठी पदवीधर जे कोडिंग करतात, ते बहुतांशी अमेरिकेतील रुग्णांच्या कागदांचे असते. तेथील 'ऑफिस व्हिजिट' या संज्ञेने नवशिका गोंधळतो. कचेरीशी तिचा काही संबंध नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यातील बाह्यरुग्ण भेट एवढाच तिचा अर्थ. दाव्यावर त्या स्थळाचा अंक ११ असतो.

अमेरिकेने दहाव्या आवृत्तीचे स्वतःचे विस्तारित रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केले. त्यात एस १३.४ ला सातवे अक्षर लागते. मधली दोन घरे रिकामी असल्याने ती 'एक्स'ने भरतात व संकेतांक एस १३.४ एक्सएक्सए असा होतो. शेवटच्या 'ए'चा अर्थ 'पहिली भेट' असा लावला जातो, तो बरोबर नाही. सक्रिय उपचार चालू आहेत, हा त्याचा अर्थ होय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तज्ज्ञाने तपासले तरी 'ए'च. इजा भरून येत असतानाच्या नेहमीच्या देखरेखीसाठी 'डी' आणि मागे राहिलेल्या परिणामांसाठी 'एस' वापरतात.

डॉक्टरांच्या श्रमांसाठी वेगळी सूची आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली ही सूची सीपीटी या नावाने ओळखली जाते. नव्या रुग्णाच्या भेटीसाठी तीत ९९२०२ ते ९९२०५ आणि जुन्या रुग्णासाठी ९९२११ ते ९९२१५ असे संकेतांक आहेत. त्याच डॉक्टरांनी, किंवा त्याच गटातील त्याच विशेषज्ञतेच्या डॉक्टरांनी, मागील तीन वर्षांत तपासलेले नसेल तर रुग्ण नवा. पूर्वीचा ९९२०१ हा संकेतांक १ जानेवारी २०२१ पासून रद्द झाला व त्याच दिवसापासून पातळी ठरविण्याची रीतही बदलली. आता ती वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर किंवा त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या एकूण वेळेवर ठरते. त्याआधीची पाठ्यपुस्तके या प्रकरणापुरती निरुपयोगी झाली आहेत.

निर्णयाची गुंतागुंत तीन घटकांवरून मोजतात : समस्या, माहिती व जोखीम. तिन्हींपैकी दोन घटकांनी एखादी पातळी गाठली पाहिजे. दुचाकीस्वाराचे उदाहरण लावून पाहू. मानेची साधी लचक ही तीव्र पण गुंतागुंत नसलेली इजा, म्हणून समस्येची पातळी कमी. चिठ्ठीवर मिळणारे औषध दिले, म्हणून जोखमीची पातळी मध्यम. मानेची दोन किंवा तीन बाजूंची क्ष-किरण प्रतिमा काढली; पण तिचे शुल्क ७२०४० या संकेतांकाने तोच डॉक्टर वेगळे आकारीत असेल, तर ती माहितीच्या घटकात पुन्हा मोजता येत नाही. तेव्हा मध्यम पातळी एकाच घटकाने गाठली, तर कमी पातळी दोघांनी गाठली. नवा रुग्ण असल्यास उत्तर ९९२०३, जुना असल्यास ९९२१३. औषध लिहिले एवढ्यावरून ९९२०४ लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ती जाणूनबुजून वारंवार केल्यास तेथे खोट्या दाव्यांविरुद्धच्या १८६३ च्या कायद्याखाली दंडास पात्र ठरते. त्याच भेटीत स्नायूतील ट्रिगर पॉइंटमध्ये इंजेक्शन दिले गेले, तर ते २०५५२ ने वेगळे दाखवितात. तपासणी त्या इंजेक्शनपलीकडे स्वतंत्रपणे व पुरेशी झाली असेल तरच भेटीच्या संकेतांकास २५ हा मॉडिफायर जोडतात. ती झाली होती हे कागदावरून सिद्ध व्हावे लागते.

येथील केसपेपरचे स्थान

भारतात बाह्यरुग्णाच्या भेटीला असा संकेतांक लागत नाही. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयात नमुना ४ मध्ये व रुग्णालयाबाहेर नमुना ४-अ मध्ये दिले जाते, आणि त्यावरून रोगवर्गीकरणाचे संकेतांक पडतात. आरोग्यविम्याच्या प्रमाणित दावा-अर्जातील रुग्णालयाने भरावयाच्या भागात दहाव्या आवृत्तीच्या संकेतांकांसाठी रकाने आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ठरावीक उपचार-प्रक्रियांच्या यादीवर चालते. केंद्र शासनाने २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत या वर्गीकरणाचा समावेश केला. तथापि या सर्व वाटा रुग्णालयात दाखल झालेल्याच्या किंवा मृताच्या आहेत. पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी गेलेला हमाल यांपैकी कोणत्याही मोजणीत उतरत नाही. आरोग्याच्या आकडेवारीत मरण मोजले जाते आणि दुखणे निसटते, ही तक्रार मानेच्या बाबतीत पूर्णपणे लागू पडते.

संकेतांक नसला तरी त्यामागील भेद कायद्यात येतातच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणे किंवा निखळणे ही गंभीर दुखापत होय. म्हणजे एस १२ आणि एस १३.४ यांतील अंतर हे पोलिसांच्या अपघात-नोंदीत 'गंभीर' व 'किरकोळ' यांमधील अंतर ठरू शकते. त्याच कलमात पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्यास किंवा नेहमीचा व्यवहार करता न आल्यास तीही दुखापत गंभीर मानली आहे. जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. लचकलेल्या मानेचा रुग्ण सोळाव्या दिवशीही गोणी उचलू शकत नसेल, तर ती बाब फेरतपासणीच्या कागदावर तारखेसह लिहिली गेली पाहिजे. रस्ते-अपघातातील जखमींसाठी २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचारांची तरतूद आहे. तेथेही इजा रस्त्यावरच्या अपघाताची आहे, हे प्रथम नोंदले जावे लागते.

महाविद्यालयांतून संकेतांकनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू करताना अमेरिकी प्रमाणपत्र परीक्षेची तयारी हाच हेतू समोर ठेवला जातो. शंभर प्रश्न, चार तास, सत्तर टक्के गुण, असे त्या सीपीसी परीक्षेचे स्वरूप आहे. तीत नोकरीचे आकर्षण आहे आणि ते गैर नाही. परंतु त्याच विद्यार्थ्यांना नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक काढून टाकलेले स्थानिक केसपेपर दिल्यास सराव अधिक खोल होईल. जाळीवरील पहिला स्वाध्याय हमालाच्या कागदाचा असावा. 'बाजारात गोणी उतरविताना मान लचकली, हातास मुंग्या नाहीत, प्रतिमेत अस्थिभंग नाही' असा मजकूर असेल तर एस १३.४, एक्स ५०.५ व क्रिया २. 'गोणी उतरविताना' हे दोन शब्द खोडले, तर कारण एक्स ५९ मध्ये, म्हणजे अनिर्दिष्ट घटकांच्या खात्यात जाते. 'बाजारात' खोडले तर स्थळाचा अंक ९ होतो. 'लचकली'च्या जागी 'दुखते' लिहिले, तर 'एस'च जाऊन 'एम' येते.